क्लीटखालचा जेलकोट घासायचा किती?

किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या जुन्या फायबर बोटीवरून हात फिरवला की तळव्याला पांढरी पूड लागते. वर्षानुवर्षे उन्हातल्या अतिनील किरणांनी जेलकोटचा, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत लेपाचा, वरचा थर फोडून त्याचा खडू केलेला असतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात कोकणात डागडुजी निघते, तेव्हा सपाट बाजूंबद्दल फारसा वाद होत नाही. धुवायचे, कंपाउंड लावून बफिंग मशीन फिरवायचे, वर मेण चढवायचे. मतभेद होतात ते रेलिंगच्या खांबांच्या बुडाशी, दोर अडकवायच्या क्लीटच्या पोटाखाली, इंजिनाच्या आड लपलेल्या मागच्या फळीवर. तिथे मशीनचे चाक शिरत नाही.

एक पक्ष म्हणतो, सगळे काढा आणि मग घासा. त्यात तथ्य आहे. खडू झालेल्या थरात मीठ आणि मळ मुरतो, त्यावर मेण टिकत नाही. शिवाय क्लीट काढली तर तिच्याखालचे कडक झालेले सीलंटही बदलता येते. पण जुना बोल्ट गंजून बसलेला असतो, फिरवताना त्याचे डोके तुटते, आणि नट कधीकधी आतल्या अस्तरामागे असतो. उघडलेले भोक नीट बुजवले नाही तर डेकच्या आतल्या लाकडात पाणी झिरपते. चमकेसाठी एवढी जोखीम मला पटत नाही. सीलंट गळत असेल तरच क्लीट काढावी, आणि काढलीच आहे तर खालचा भाग जरूर घासावा.

एरवी हातानेच. जेलकोट जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे बोटाच्या टोकाने वॉटर पेपर दाबून घासू नये. एकाच जागी खळगा पडतो. आधी सौम्य कंपाउंड वापरून पाहावे. खांबाभोवती कापडाची पट्टी गुंडाळून बूट पुसतात तशी दोन्ही हातांनी ओढली की बुडापर्यंत पोचता येते. सांध्यांसाठी जुना टूथब्रश चालतो. गंजाच्या ओघळांवर ऑक्झॅलिक ॲसिड चांगले, मात्र हातमोजे घालून, आणि नंतर भरपूर पाण्याने धुऊन.

नुसते पुसून लावायचे ॲक्रिलिकचे चमकद्रव सोपे वाटतात, कारण ते कोपऱ्यात आपोआप शिरतात. पुढे त्यांचे पापुद्रे निघू लागले की ते खरवडायचे कुठून? त्याच कोपऱ्यांतून. घाईने विकायची बोट असेल तर ठीक, स्वतः वापरायची असेल तर मी टाळेन.

पाय घसरू नये म्हणून डेकवर जे खडबडीत नक्षीकाम असते, तिथेही यंत्र निरुपयोगी ठरते. तिथे ब्रशने धुणे पुरे. नेहमीचे मेण लावले तर ओल्या पायांनी चढणारा माणूस घसरेल. आणि घासताना खालच्या काचतंतूंची वीण दिसू लागली असेल, तर पॉलिशचा विषय तिथेच संपला. पुढचे काम रंगाऱ्याचे.