रोग्याच्या वेळेचा हिशेब कोण ठेवणार?

गेल्या महिन्यांत आमच्या एका वृद्ध पक्षकाराबरोबर एका जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागांत आम्हांस अर्धा दिवस काढावा लागला. वकिली संवयीप्रमाणें आम्हीं प्रत्येक घटनेची वेळ टिपून ठेविली. सकाळीं ८ वाजतां रांगेंत उभे राहिलों. केसपेपर हातीं पडला तो ९ वाजून १० मिनिटांनीं. डॉक्टरांसमोर बसावयास मिळालें साडेअकरा वाजतां. तेथून रक्त देण्याची रांग, मग औषधांच्या खिडकीची रांग. बाहेर पडलों तेव्हां एक वाजला होता. या पांच तासांत डॉक्टर म्हातारबोवांशीं बोलले तीं मिनिटें तीन. तारखांवर तारखा घेणाऱ्या वकिलानें विलंबाविषयीं बोलूं नये, असें कोणी म्हणेल. कबूल आहे. पण कोर्टांत निदान रोजनामा असतो. कोण हजर होता आणि तारीख कोणत्या कारणानें पडली, हें त्यांत सांपडतें. रुग्णालयांत रोग्याच्या पांच तासांची नोंद कोणत्याही वहींत नव्हती.

याचा दोष डॉक्टरांवर लोटण्याची आमची इच्छा नाहीं. २०१७ सालीं ६७ देशांतील आंकडे एकत्र करून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसून आलें कीं, प्राथमिक उपचाराच्या डॉक्टरांची रोग्याशीं होणारी भेट बांगलादेशांत ४८ सेकंद, स्वीडनमध्यें साडेबावीस मिनिटें, आणि आपल्या देशांत सुमारें दोन मिनिटें चालते. दोन मिनिटांतून आणखी काय कापणार? काटकसर करावयाची ती त्या मेजापर्यंतच्या वाटेवरच केली पाहिजे.

त्या वाटेचें गणित अवघड नाहीं. जॉन लिटल या अमेरिकन पंडितानें १९६१ सालीं सिद्ध केलेला नियम असा कीं, तासाला येणाऱ्या माणसांच्या संख्येस प्रत्येकाच्या सरासरी मुक्कामाच्या तासांनीं गुणिलें, म्हणजे आवारांत सरासरी किती माणसें असतील तें कळतें. तासाला ६० रोगी येऊन प्रत्येकाचे तीन तास जात असतील, तर आवारांत १८० माणसें असणारच. व्हरांडा वाढवून आणि बांकें मांडून त्यांची बसण्याची सोय होईल. संख्या घटणार नाहीं. दुसरें असें कीं, ज्या खिडकींत तासाला २० जणांचें काम होतें, तेथें १५ आले तर रांग बेताची राहते; १९ आले तर ती कित्येक पटींनीं वाढते. म्हणून सर्वांत तुंबलेली खिडकी शोधून तेथें एक माणूस वाढविणें, हें नव्या इमारतीपेक्षां स्वस्त काम आहे. त्यास लागतें काय? प्रत्येक खिडकीवर वेळेचा शिक्का, आणि एक आठवडा.

इंग्लंडांत नॉर्मन बेली यांनीं १९५२ सालींच दाखवून दिलें होतें कीं, आरंभीं दोघांस व पुढें सरासरी भेटीच्या अंतरानें एकेकास बोलाविलें, तर डॉक्टरांचा वेळ फारसा वायां जात नाहीं आणि रोग्याचें ताटकळणेंही पुष्कळ कमी होतें. अर्थात् डॉक्टर वेळेवर यावयास हवेत. ही अट कोठें अडते, तें वाचकांस सांगावयास नको. एस.टी.नें येणाऱ्या खेडुतास १० वाजून २० मिनिटें ही वेळ देऊन उपयोग काय, हा आक्षेप मात्र खरा आहे. तर मिनिटें देऊं नका. गाड्यांच्या वेळा पाहून तालुकावार दोन दोन तासांच्या पाळ्या द्या. मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या रोग्यांस पुढील फेरतपासणीची पाळी केसपेपरावरच लिहून देतां येते.

ऑक्टोबर २०२२ पासून क्यूआर कोड फोननें टिपून टोकन मिळण्याची सोय केंद्र सरकारनें सुरू केली. सोय चांगली; पण पहिली खिडकी लवकर सुटली कीं तीच गर्दी पुढच्या दारापाशीं जमते, आणि तसला फोन ज्याच्यापाशीं नाहीं, तो होता तेथेंच राहतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, हेंही आम्ही मोकळेपणानें नमूद करतों. परंतु शेतमजुराचा दिवस गेला कीं मजुरी गेली, आणि ही फी सरकारच्या जमाखर्चांत कोठेंच दिसत नाहीं. परक्या साहेबाच्या कचेरीबाहेर तिष्ठणें आपल्या आजोबांस अपमानाचें वाटे; स्वराज्यांत तेंच तिष्ठणें आपण दैव म्हणून कसें सोसतों, याचें आम्हांस नवल वाटतें.

२०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानें सेवेस मुदत आणि मुदत चुकल्यास अपील हें तत्त्व मान्य केलें आहे. रांगेंतील रोग्यासही त्याचा लाभ मिळाला पाहिजे, असें आमचें मत आहे. मात्र दंडाची घाई नको. इंग्लंडांत तातडीच्या विभागास चार तासांची मर्यादा घातली, तेव्हां मर्यादा संपण्याच्या अगदीं शेवटच्या मिनिटांत पुष्कळ रोगी तेथून हलविले जाऊं लागले. आंकडा सांभाळला गेला. रोग्याचें काय झालें, तो प्रश्न निराळा. आधीं मोजा. घड्याळ केसपेपरच्या खिडकीऐवजीं फाटकापासून सुरू करा, सरासरीबरोबर सर्वांत अधिक ताटकळलेल्याचाही वेळ लिहा, आणि दर महिन्यास दोन्ही आंकडे दर्शनी फळ्यावर लावा.

आमच्या टिपणवहींतील त्या दिवसाच्या वेळा आम्हीं रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांकडे धाडल्या आहेत. पुढील महिन्यांत म्हातारबोवांची फेरतपासणी आहे. आम्ही पुन्हां वही घेऊन जाणार आहों.