चटईपुरती जागा

‘बाईला व्यायामाची काय गरज? घरात राबते, शेतात वाकते, तोच तिचा व्यायाम.’ लग्न होऊन किन्हीराजात आले तेव्हापासून हे ऐकते आहे. बोलणारे बहुधा चहाच्या टपरीवर बसलेले असतात.

गेल्या महिन्यात पुण्याला लेकीकडे गेले. कंबर आधीच धरलेली, त्यात ट्रॅव्हल्सचा रात्रभराचा प्रवास. लेकीने घराजवळच्या नव्या पिलाटेस स्टुडिओत नेले. सकाळची बॅच फक्त बायकांची. मी सलवार-कमीज आणि स्कार्फमध्येच गेले, कुणी काही म्हटले नाही. शिकवणाऱ्या मुलीने आधी पाठीवर झोपवून नुसता श्वास घ्यायला लावला. मग पोट आत ओढायचे, एकेक मणका उचलत कंबर वर न्यायची आणि तितक्याच सावकाश खाली आणायची. दिसायला काहीच नाही. दहाव्या वेळेला माझे पाय थरथरू लागले.

तीस वर्षे खुरपणी, धुणी, पाण्याचे हंडे. तरी पाठीला आधार देणारे स्नायू इतके दुबळे कसे? ती म्हणाली, काकू, तासन्‌तास वाकून एकच हालचाल केली की तेच ते सांधे झिजतात. व्यायामात शरीराच्या सगळ्या बाजूंना काम मिळते आणि विश्रांतीही मिळते.

म्हणजे टपरीवरचा युक्तिवाद खोटा. आकडेही तेच सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांचा अभ्यास 2024 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला. त्यानुसार 2022 मध्ये भारतातल्या सुमारे 57 टक्के प्रौढ स्त्रियांची शारीरिक हालचाल पुरेशी नव्हती. पुरुषांत हे प्रमाण 42 टक्के होते. या मोजणीत घरकाम आणि मजुरीही धरलेली आहे, हे विशेष.

आता दुसरी बाजू. तासाचे आठशे रुपये! आमच्याकडे बाईची जवळजवळ तीन दिवसांची मजुरी. ज्याने ही पद्धत काढली तो जोसेफ पिलाटेस हा 1883 मध्ये जन्मलेला जर्मन माणूस. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला शत्रूदेशाचा नागरिक म्हणून आइल ऑफ मॅनवरच्या छावणीत डांबले. तिथे हजारो कैद्यांच्या गर्दीत त्याने आपल्या व्यायामाला आकार दिला. पुढे न्यूयॉर्कला त्याने स्वतःचा वर्ग काढला. यातले जमिनीवरचे व्यायाम करायला आजही एक चटई पुरते. कैद्याच्या छावणीत घडलेली गोष्ट एसी, आरसे आणि स्प्रिंगांची यंत्रे लावून विकली जाते. विकणाऱ्यांनी विकावी. पण आपण तिला ‘मोठ्या घरच्या बायकांचे चोचले’ म्हणून सोडून द्यायचे कारण नाही.

परत आल्यावर भाभीला चार प्रकार दाखवले. ती कंबरेसाठी रोज गोळी खाते. घरातले एक वडीलधारे म्हणाले, ‘पाच वक्त नमाज पढते ना? तेवढा व्यायाम पुरे.’ अदबीने सांगते, नमाज ही इबादत आहे, कवायत नव्हे. तिला कंबरदुखीचा इलाज ठरवणारे नमाजचाच मान कमी करतात. आणि दीनचाच दाखला हवा असेल, तर हजरत आयेशांनी पैगंबरांबरोबर धावण्याची शर्यत लावल्याची हदीस प्रसिद्ध आहे. एकदा त्या जिंकल्या, एकदा पैगंबर. धावण्यात बेअदबी असती, तर ही शर्यत झाली असती का? आपण कुस्तीच्या आखाड्याला ‘तालीम’ म्हणतो. हा शब्द अरबीतून आला, अर्थ शिक्षण. पोरांना तालीम आणि पोरींना गोळी, ही कुठली वाटणी?

तिसरे, सरकारी सोय. गावोगावी ओपन जिम बसल्या, बऱ्याच ठिकाणी चौकात किंवा स्टँडजवळ, जिथे पुरुषांचा अड्डा असतो. तिथे सगळ्यांच्या नजरेसमोर पाय उचलायला मुसलमान बाई जाणार नाही आणि मराठा, बंजारा, बौद्ध बाईही जाणार नाही. मग म्हणायचे, बायकांनाच आवड नाही. आमच्या बुरख्याकडे बोट दाखवणाऱ्या पुरोगामी मित्रांनाही विचारते: पुण्यात मला स्कार्फ आड आला नाही, कारण तिथे दार बंद होत होते. गावात असे दार कुठे आहे?

विदर्भाला व्यायाम परका नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभे आहे. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेल्या मुली आपल्याच भागात नोकरीची वाट पाहत बसल्या आहेत.

म्हणून मागणी साधी आहे. लग्नसराई सोडली तर शादीखाने आणि समाजमंदिरे रिकामी असतात. शाळेच्या खोल्या संध्याकाळी बंद असतात. आठवड्यातून तीन दिवस, एक तास, कुठल्याही जातीधर्माच्या बायकांसाठी एक खोली उघडा. आतून कडी, खाली सतरंजी, शिकवायला एक मुलगी, तिला ग्रामपंचायतीने किंवा जमातीने मानधन द्यावे. चटया आम्ही घरून आणू.

मालेगाव–शेलूबाजार रस्त्यावरच्या आमच्या गावापासून सुरुवात होऊ द्या. किल्ली कुणाकडे मागायची, तेवढे सांगा.