करुणामूर्ती आणि केसपेपर

१८९७ च्या पुण्यातील प्लेगची आठवण मराठी वाचकाला दोन चित्रांनी करून दिली जाते. एका चित्रात रँड आहे, गोऱ्या शिपायांच्या घरझडत्या आहेत आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर झाडलेल्या गोळ्या आहेत. दुसऱ्या चित्रात आजारी मुलाला पाठीवर घेऊन चाललेल्या सावित्रीबाई आहेत. पहिल्याला आपण शौर्य म्हणतो, दुसऱ्याला करुणा. आमचे म्हणणे असे की, या दोन चित्रांच्या आड एक तिसरी गोष्ट झाकली गेली आहे आणि ती झाकण्यात इतिहासकारांपेक्षा साहित्याच्या अभ्यासकांचा वाटा अधिक आहे. ती गोष्ट म्हणजे दवाखाना.

घटनाक्रम नीट पाहावा. मुंबईत मांडवी भागात १८९६ च्या सप्टेंबरात प्लेगचे निदान झाले. पुढच्या वर्षाच्या आरंभी साथ पुण्यात पसरली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. लष्करी झडत्यांचे पर्व मार्चच्या मध्यापासून सुरू झाले. सावित्रीबाईंचा मृत्यू १० मार्चचा आहे. म्हणजे सैन्यात वैद्यकीय सेवा बजावणारे डॉ. यशवंत पुण्यास आले, हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात दवाखाना उभा राहिला, रुग्ण आणले गेले, आणि त्या शुश्रूषेत सावित्रीबाईंना प्लेगची बाधा झाली, हे सारे झडत्यांचा कहर सुरू होण्याआधी घडले. शासनाची दंडेली आणि तिला दिलेले सशस्त्र प्रत्युत्तर, एवढ्यातच प्लेगची कथा बसवणारे आपले कथनशास्त्र या क्रमापुढे टिकत नाही. दंडेली आणि पिस्तूल या दोहोंच्या आधी समाजाने स्वतः दिलेले एक उत्तर अस्तित्वात होते.

ते उत्तर काय होते, हेही समजून घेतले पाहिजे. प्लेगचा जंतू १८९४ साली सापडला होता, पण उंदरांवरील पिसवा रोग पसरवतात हे तेव्हा प्रस्थापित झालेले नव्हते. हाफकिन यांनी आपली लस स्वतःला टोचून घेतली ती १८९७ च्या जानेवारीतच. प्लेगवरची प्रतिजैविके यायला अजून चार-पाच दशके होती. अशा वेळी दवाखान्याच्या हाती होते तरी काय? रुग्णाला कोंदट घरातून बाहेर काढणे, मोकळ्या हवेत ठेवणे, पाणी, पेज, स्वच्छता, रात्रंदिवस देखरेख. म्हणजे जागा बदलणे हाच मोठा उपाय होता. शहराबाहेर, वस्तीपासून दूर मळ्यात दवाखाना थाटणे हा त्या काळच्या ज्ञानाच्या मर्यादेत घेतलेला वैद्यकीय निर्णय होता. आजाऱ्याला दवाखान्यात कोण पोहोचवणार, हा त्याच निर्णयाचा पुढचा प्रश्न. मुंढव्याच्या महारवाड्यातले मूल पाठीवर घेऊन सावित्रीबाई निघाल्या, असे चरित्रकार सांगतात, ते या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचावे. ज्या वस्तीत दुसरे कोणी पाऊल टाकणार नव्हते, तिथला रुग्ण दवाखान्यापर्यंत नेण्याची व्यवस्था म्हणजे ती पाठ होती.

आपण मात्र तिथे केवळ वात्सल्य पाहतो. पुतळे, कविता, जयंतीची भाषणे, सर्वत्र मातृत्वाचा एकच सूर. मातृत्वाचा गौरव ऐकायला गोड वाटतो, पण तो एक काम मुकाट्याने करून टाकतो: स्त्रीच्या बुद्धीने, अनुभवाने आणि संघटनकौशल्याने केलेल्या कामाला तो स्वभावधर्म ठरवतो. स्वभावधर्म म्हटले की त्याचा अभ्यास करायला नको. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने अन्नछत्रे चालवली. त्या काळात ओतूरहून सावित्रीबाईंनी जोतिरावांना लिहिलेले पत्र डॉ. मा. गो. माळी यांनी १९८८ साली संपादित केलेल्या समग्र वाङ्मयात उपलब्ध आहे. संकटातले मदतकार्य जागेवर उभे राहून पाहणाऱ्या कार्यकर्तीचे ते गद्य आहे. हडपसरचा दवाखाना वीस वर्षांच्या या अनुभवातून आला. एका आईच्या हृदयाला अचानक पाझर फुटल्याने तो उभा राहिला नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आमच्याच क्षेत्रातून येईल. साहित्य माणसाच्या आंतरिक शोकात्मतेचा शोध घेते. खाटा, पाणी, नोंदवह्या हा प्रशासनाचा विषय आहे, असे सांगितले जाईल. आणि हे सांगताना बहुधा काम्यूचा दाखला दिला जाईल, कारण २०२० नंतरच्या महामारीविषयक चर्चेत ‘द प्लेग’चे नाव वारंवार निघत आले आहे. पण १९४७ सालची ती कादंबरी रूपक म्हणून वाचण्याच्या घाईत आपण तिच्यातली माणसे विसरतो. तिच्या केंद्रस्थानी एक डॉक्टर आणि स्वयंसेवकांची आरोग्यपथके आहेत. निवेदकाला कुणी नायक सुचवायचाच झाला, तर तो पथकांच्या नोंदी ठेवणाऱ्या ग्राँ नावाच्या साध्या नगरपालिका कारकुनाला सुचवतो. नोंद ठेवणारा माणूस साहित्याचा विषय होऊ शकतो, हे ज्यांच्या दाखल्याने नाकारायचे, त्यांनीच ते सिद्ध करून ठेवले आहे.

आता २०२० कडे या. ९ मार्चला महाराष्ट्रातले पहिले रुग्ण पुण्यात आढळले आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेपासून देश बंद झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रापुढचा प्रश्न केवळ कोविडचा नव्हता. बाळंतपणे थांबत नव्हती, लसीकरणाचे दिवस हुकत होते, मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या संपत होत्या. एप्रिलमध्ये केंद्र शासनाने मार्गदर्शक सूचना दिल्या: तापाचे रुग्ण वेगळे तपासा, दूरध्वनीवरून सल्ला द्या, दीर्घ आजाराच्या रुग्णांना तीन महिन्यांपर्यंतची औषधे एकदम द्या. कागदावर हे चार ओळींचे आहे. प्रत्यक्षात कोणत्या वस्तीत कोणाच्या गोळ्या कधी संपतात, कोणती बाई कितव्या महिन्यात आहे, हे ठाऊक असणाऱ्या कुणाला तरी दारोदार जावे लागले. हे जिथे पुरेसे झाले नाही तिथे काय झाले, याचीही नोंद आहे. २०१९ मध्ये देशात सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती; २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. क्षय कमी झाला नव्हता, दवाखान्याची वाट बंद झाली होती.

ही वाट उघडी ठेवण्याचे काम बऱ्याच अंशी आशा कार्यकर्तींनी केले. आणि मराठी भाषेने त्यांना काय दिले? ‘योद्धा’ हा शब्द दिला. भाषेच्या अध्यापकांनी या शब्दाकडे संशयाने पाहायला हवे होते. योद्धा धारातीर्थी पडतो, म्हणून त्याचा मृत्यू अपेक्षित मानला जातो. योद्ध्याने मास्क मागणे शोभत नाही, पगार मागणे तर त्याहून नाही. या शब्दाच्या जोडीला आणखी दोन शब्द उभे आहेत: ‘स्वयंसेविका’ आणि ‘मानधन’. ज्या बाईचे काम सक्तीचे आहे, ज्याचा अहवाल वेळेवर द्यावा लागतो, तिला स्वयंसेविका म्हणायचे. आणि कामाच्या मोबदल्याला मान हे विशेषण जोडून त्यातले धन कमी करायचे. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील आशा संपावर गेल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक सन्मान केला. संप आणि सन्मान यांच्यातले हे अंतर ज्या शब्दांनी झाकले जाते, ते शब्द आमच्याच विषयातले आहेत.

म्हणून आम्ही म्हणतो की, १८९७ ची ‘करुणामूर्ती’ आणि २०२० चा ‘योद्धा’ ही एकाच वृत्तीची दोन रूपे आहेत. दोन्ही कामाला पूजेचा विषय करतात आणि पूजेच्या विषयाला मोबदला, साधने, प्रशिक्षण यांची गरज उरत नाही. वंदन करून समाज मोकळा होतो.

मराठी विभागांनी महामारीच्या साहित्याचा अभ्यास जरूर करावा. पण त्या अभ्यासात ओतूरचे पत्र एक गद्यपाठ म्हणून शिकवले जावे. विद्यार्थ्यांना आपल्या तालुक्याच्या आरोग्य केंद्रात पाठवून तिथल्या सिस्टर, औषधनिर्माते आणि आशाताई यांच्याकडून २०२० आणि २०२१ या दोन वर्षांची हकिकत त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या संमतीने, लिहून घ्यावी. केसपेपर कुठल्या खिडकीवर हलवला, रांग कुठे लावली, लस घेऊन पाड्यावर कोण आणि कसे गेले, हे सांगणारी माणसे आज हयात आहेत. ससाण्यांच्या मळ्यातल्या दवाखान्यात काम करणाऱ्या सर्वांची नावेही आज आपल्यापाशी नाहीत, कारण त्या वेळी ती कुणी लिहून ठेवण्याजोगी मानली नाहीत. या वेळी तेच घडले, तर साधने मिळाली नाहीत असे म्हणण्याची सोय कोणालाही राहणार नाही.