सेवेने बसवून ठेवलेली माणसे

‘व्यवसायोपचार’ हा शब्द आमच्या परतवाड्यात उच्चारला, की ऐकणाऱ्याचे मन दुकानाकडे नाही तर कर्जाकडे वळते. बँकेत उमर घालवलेल्या माणसाला हा घोटाळा चांगलाच समजतो. पण इथे व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे. दात घासणे, शर्टाची बटणे लावणे, भाकरी थापणे, नातवाला अंगणात खेळवणे, असे माणूस दिवसभर आपल्या हाताने जे जे करतो ते सारे त्यात आले. आजाराने यातले जे गेले ते परत मिळवून देणे, परत मिळत नसेल तर निराळ्या रीतीने करायला शिकवणे, हे या शास्त्राचे काम. खांदा किती वर जातो हे तर पाहायचेच. पण त्याआधी रोग्याला विचारायचे, ‘त्या हाताने तुम्हांला काय करायचे आहे?’

हा प्रश्न आपल्या घरांत कोणी विचारीत नाही. आरागिरणीत उभे आयुष्य काढलेल्या माणसाला लकवा झाला, की सून भरवते, मुलगा अंघोळ घालतो, शेजारी म्हणतात, ‘सेवा मोठी करतात हो!’ करतातच, त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण एखाद्या दिवशी म्हातारा चिडून म्हणतो, ‘माया हातानं चहा पेऊ द्या ना वो!’ आणि आपण त्याला हट्टी ठरवतो. खरे तर जाड मुठीचा चमचा, ताट सरकू नये म्हणून खाली ओला फडका, सदरा घालताना दुखरा हात आधी आणि काढताना शेवटी, एवढ्या युक्त्यांनीही पुष्कळ काही साधते. वेळ मात्र लागतो. भरवणे दहा मिनिटांत उरकते. त्याने स्वतः जेवायचे तर अर्धा तास. अडते ते इथेच.

ही विद्या आपल्याकडे आणली कमलाताई निंबकर यांनी. जन्माने अमेरिकन, लग्नाने महाराष्ट्राच्या. 1950 साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी तिचे विद्यालय सुरू केले, आणि 1952 मध्ये जागतिक संघटना उभी राहिली तेव्हा तिच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. वऱ्हाडाने तर त्याही आधी, हे नाव न घेता, 1946 पासून अमरावतीच्या तपोवनात हे तत्त्व चालवले. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरोग्यांच्या हाती भिक्षापात्राऐवजी काम दिले.

आणि आज परतवाड्याजवळच वझ्झर आहे. शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या मतिमंद, अंध, मूकबधिर मुलांना आपले नाव दिले. त्या मुलांनी तिथल्या उजाड माळावर झाडे जगवली. बाबांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली, आपण टाळ्या वाजवल्या. परंतु ते वर्षानुवर्षे जी मागणी करीत आहेत ती टाळ्यांत बुडून जाते. बालगृहाचा कायदा अठरा वर्षांपाशी थांबतो. पुढे काही काळ अनुरक्षणाची सोय आहे, पण तीही मुदतीचीच. बेवारस मतिमंद मुलाला आयुष्यभर त्याच घरी राहू द्या, एवढेच बाबांचे म्हणणे.

या मागणीकडे दयेच्या नजरेने पाहू नये. रोज ठरलेल्या झाडांना पाणी घालणारा मुलगा मोठा झाला म्हणून दुसरीकडे हलवला, तर त्याला तिथे छप्पर मिळेल, अन्नही मिळेल. झाडे मिळणार नाहीत. ज्या कामाने त्याचा दिवस उभा राहत होता तेच आपण काढून घेतलेले असेल. अपंगत्वाच्या दाखल्यावर टक्केवारी असते, 40 टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर सवलती लागू होतात. पण हा माणूस काय करू शकतो, यासाठी त्या कागदावर रकाना नाही. तो रकाना कायद्यात घालावा, आणि प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात तो भरू शकणारा एक व्यवसायोपचारतज्ज्ञ असावा, ही मागणी आपल्या आमदार-खासदारांपुढे ठेवायला हरकत कोणती? डिसेंबरात बहिरमच्या यात्रेत ते भेटतातच.