यंदा किंग्ज प्लेऑफला जाणार का? माझं उत्तर ऐका

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

"भाऊ, इथं नळाला पाणी नाही आणि तुम्ही अमेरिकेतल्या बास्केटबॉलवर लिहिताय?" अशी पहिली कमेंट येणार, माहीत आहे. पाण्यावर गेल्या आठवड्यात लिहिलंय, पुढच्याही लिहीन. आज सॅक्रॅमेंटो किंग्ज.

२०१९ च्या ऑक्टोबरात वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सराव सामने झाले. एनबीएचे भारतातले पहिलेच सामने. पहिल्या दिवशी प्रेक्षकांत शाळेतली तीनेक हजार पोरं होती. किंग्जचे मालक विवेक रणदिवे, जन्म मुंबईचा. किंग्ज दोन्ही सामने हरले, पहिला तर जादा वेळेत एका गुणाने. टीव्हीपुढे बसून मी त्याच दिवशी त्यांचा झालो. हरणाऱ्याच्या बाजूने उभं राहायची आमची जुनी खोड.

तेव्हापासून त्यांच्या घरच्या मैदानावरचा सामना म्हणजे आपल्याकडे सकाळचा चहा. आता २०२५-२६ चा हंगाम तोंडावर आलाय आणि आमच्या चार टाळक्यांच्या ग्रुपवर तोच प्रश्न: यंदा प्लेऑफ?

नाही. आणि पुढचं वाक्य मित्रांना झोंबणार आहे: दहावा नंबर आला तरी मला आनंद होणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पश्चिम विभागात पंधरा संघ. पहिले सहा थेट प्लेऑफला. सातवा ते दहावा यांच्यात प्ले-इन, त्यातून दोघांना जागा. म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या भाषेत एटीकेटी. नापास नाही, पण पासही नाही. घरी सांगायला मात्र बरं पडतं.

किंग्ज दोन वर्षं याच एटीकेटीत अडकलेत. २०२४ ला नववे, वॉरियर्सना हरवलं आणि न्यू ऑर्लिन्सकडून हरले. २०२५ ला पुन्हा नववे, घरच्या मैदानावर डॅलसकडून १२०-१०६ ने हरले. ड्राफ्टमध्ये तेरावी निवड वाट्याला आली, तीही जुन्या सौद्यात अटलांटाकडे गेली. प्लेऑफही नाही आणि ती निवडही नाही. तेल गेलं, तूप गेलं.

यावर जुने चाहते दोन कारणं सांगतात. एक, पंच. २००२ च्या लेकर्सविरुद्धच्या सहाव्या सामन्यात एकट्या चौथ्या सत्रात लेकर्सना २७ फ्री थ्रो मिळाले, हे खरं. दुखणं खरं आहे. पण त्याला तेवीस वर्षं झाली. दोन, नशीब. इथं मी हात जोडतो. नशीब एवढं फुटकं नव्हतं, हातात आलेलं आपणच सोडलं.

हिशेब बघा. प्रशिक्षक मायकल मलोन यांना डिसेंबर २०१४ मध्ये काढलं. २०२३ ला त्यांनी डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिलं. २०१८ ला दुसरी निवड हातात असताना लुका डॉन्चिच सोडून मार्विन बॅगली घेतला. २०२४ ला डॉन्चिच डॅलसला घेऊन अंतिम फेरीत. टायरीस हॅलिबर्टन २०२२ ला पेसर्सला दिला. २०२५ ला तोच पेसर्सला अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत घेऊन गेला. हो, वरळीत आपल्याला हरवणारे तेच पेसर्स. त्याच्या बदल्यात साबोनिस आला आणि २०२३ ला सोळा हंगामांचा प्लेऑफचा दुष्काळ संपला, हे मान्य. मग ते टिकवायचं की नाही? त्या वर्षीचे सर्वोत्तम प्रशिक्षक माइक ब्राऊन यांना डिसेंबर २०२४ ला नारळ. दोन महिन्यांत डीऍरन फॉक्स सॅन अँटोनियोला. २०१३ पासून हंगामी धरून आठ प्रशिक्षक झाले. एवढ्या लवकर तर आमच्याकडे मुख्याधिकारीही बदलत नाहीत.

इथं ग्रुपवर एक वाक्य हमखास येतं: "अरे, पण मालक आपला माणूस आहे." संघ सिएटलला निघाला होता, २०१३ मध्ये तो गावातच राहिला यात रणदिव्यांचा मोठा वाटा. ते ऋण नाकारणारा कृतघ्न. पण नव्या स्टेडियममध्ये शहरानेही साडेपंचवीस कोटी डॉलर घातले, पार्किंगच्या उत्पन्नावर कर्जरोखे काढून. गाडी लावणाऱ्या सामान्य माणसाचा पैसा तो. तेव्हा प्रश्न विचारणं हा त्या गावाचा हक्क आहे. आडनाव ओळखीचं निघालं म्हणून आपण इथं बसून मालकाची वकिली करायची गरज नाही. आपल्या गावात आपण हेच करतो. माणूस आपला म्हटलं की हिशेब मागायचा राहतो.

ओक्लाहोमा सिटी गतविजेते, ह्यूस्टनकडे ड्युरंट, सॅन अँटोनियोकडे वेम्बान्यामा आणि आपलाच फॉक्स. त्यांच्यासमोर छत्तिशीचा डीरोझन, लव्हीन आणि साबोनिस. पहिल्या सहाचं स्वप्न कुणी दाखवत असेल तर तो तिकीट विकतोय.

मुद्दाम हरा, असं मी म्हणत नाही. किगन मरीसारख्या तरुणांना मोकळं खेळू द्या, म्हाताऱ्यांचे सौदे करा, पुढच्या निवडी जपा आणि डग क्रिस्टींना तीन वर्षं हात लावू नका. २००२ च्या त्या संघात ते स्वतः खेळलेत, जखम त्यांना माहीत आहे. एक हंगाम सरळ वाईट गेला तरी चालेल. दरवर्षी एप्रिलमध्ये एका सामन्यापुरती आशा आणि मग पुन्हा पहिले पाढे, हे नको.

मी मात्र सकाळी उठून बघणारच. माणूस संघ एकदाच निवडतो.

पटलं नसेल तर खाली भांडा. फक्त "आपला माणूस" सोडून दुसरा मुद्दा आणा.