सॉफ्टवेअरच्या पोटात काय?

औषधाच्या वेष्टनावर घटक छापलेले असतात. रुग्णालयातल्या सॉफ्टवेअरचे मात्र कुणी विचारतही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या तयार कोडच्या लायब्ररीत दहापैकी दहा धोक्याची त्रुटी सापडली. दुरुस्ती लगेच आली. पण लायब्ररी आपल्याकडे आहे का, हेच अनेकांना सांगता येईना. ती दुसऱ्याच लायब्ररीच्या पोटात दडलेली! तिच्या जुन्या पिढीची देखभाल तर २०१५ मध्येच थांबली होती, तरी वापर चालूच. ‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?’ अमेरिकेत २०२३ पासून इंटरनेटला जोडता येणाऱ्या नव्या वैद्यकीय उपकरणांच्या मंजुरीसाठी सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी द्यावी लागते. आपल्या रुग्णालयांनी ती खरेदीच्या करारातच मागावी, देखभाल संपल्याच्या तारखांसकट.