पाणी वर आहे. व्हॉल्व्ह उघडा आहे का?

११ मार्च २०११ च्या दुपारी जपानच्या ईशान्य किनाऱ्याला भूकंपाने हादरवलं, तासाभरात त्सुनामी आली आणि फुकुशिमा दाइइचीच्या अणुवीज केंद्रातलीच वीज गेली. त्याला आज पंधरा वर्षं होत आहेत. नांदगाव खंडेश्वरच्या बाजारात या तारखेची आठवण फारशी कुणाला होणार नाही. हरभरा घरात यायचा आहे, तुरीच्या भावाची काळजी आहे, ऊन तापू लागलं आहे. तरीही त्या दिवशी तिथे काय बिघडलं हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला फोड करून सांगावं लागत नाही. लाईन गेली, मोटार थांबली, पाणी चढेना. आपल्याकडे यात एखादं पाणी चुकतं, पीक सुकतं. तिथे तीन भट्ट्यांचा गाभा वितळला.

वितळला तो भट्ट्या चालू होत्या म्हणून नव्हे. भूकंपाचा धक्का बसताच चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या होत्या. पारसच्या औष्णिक केंद्रात बॉयलरची आग विझवली की उष्णता तयार होणं थांबतं. अणुभट्टीत तसं होत नाही. अणू फुटायचे थांबले तरी फुटलेले तुकडे किरणोत्सर्ग करत राहतात आणि गाभा तापतच राहतो. बंद केल्या क्षणी ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास, दिवसभराने अर्धा टक्का. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण ७०० मेगावॉट वीज देणाऱ्या भट्टीत उष्णता त्याच्या तिप्पट तयार होत असते. तिचा अर्धा टक्का म्हणजे साधारण दहा मेगावॉट. एवढ्या उष्णतेने तासाला चौदा-पंधरा हजार लिटर पाण्याची वाफ होते. आपल्या हिशेबाने, दर तासाला दहा हजारांचे जवळपास दीड टँकर, आणि तेही कित्येक दिवस.

हे पाणी पंपाने द्यायचं, पंपाला वीज, वीज गेली तर डिझेल जनित्र, ते बंद पडलं तर बॅटरी, अशी जुनी रचना. फुकुशिमात लाटेने जनित्रंही बुडवली आणि बहुतेक बॅटऱ्याही. ही साखळी अशी तुटू शकते हे ओळखून गेल्या तीस-चाळीस वर्षांत जगभरचे अभियंते दुसऱ्या वाटेने विचार करत आले आहेत. गावची पाण्याची टाकी उंचावर बांधतात ती लाईन नसतानाही नळाला पाणी यावं म्हणून. तसंच भट्टीसाठीही पाणी आधीच वर साठवून ठेवायचं आणि बाकीचं काम गुरुत्वाकर्षणावर सोपवायचं. तापलेलं पाणी हलकं होऊन वर जातं, निवलेलं खाली येतं. वाफ वरच्या थंड पाण्यातल्या नळ्यांत शिरून परत पाणी होते आणि आपल्या वजनाने भट्टीत उतरते. हे चक्र चालायला ना पंप लागतो ना जनित्र. याला पॅसिव्ह सुरक्षा म्हणतात, आणि पाण्यावर चालणाऱ्या नव्या पिढीच्या अनेक भट्ट्या तिच्या बळावर उभ्या राहत आहेत. चीनमधल्या सानमेनला २०१८ मध्ये आणि अमेरिकेतल्या व्होगलला २०२३ मध्ये सुरू झालेल्या एपी-१००० भट्ट्यांच्या छपरावर सुमारे तीस लाख लिटरची टाकी आहे. बाहेरची वीज आणि माणसाचा हात, दोन्ही नसले तरी ७२ तास निभावेल, असा त्यांचा आराखडा आहे.

या विचारातलं एक फार मोठं काम महाराष्ट्रात झालं आहे आणि त्याची आपल्याकडे पुरेशी दखल घेतली गेलेली नाही. मुंबईच्या ट्रॉम्बेत, भाभा अणुसंशोधन केंद्रात, प्रगत जड पाण्याच्या अणुभट्टीचा आराखडा तयार झाला. डॉ. अनिल काकोडकर आणि डॉ. रतनकुमार सिन्हा यांची नावं त्याच्याशी कायमची जोडलेली आहेत. ३०० मेगावॉटची, थोरियमचा वापर डोळ्यांपुढे ठेवून आखलेली ही भट्टी. तिच्या मुख्य शीतनाला पंपच नाही. रोजच्या कामकाजातही पाणी नैसर्गिक अभिसरणानेच फिरावं, अशी तिची मांडणी आहे. भट्टीच्या इमारतीत वरच्या बाजूला ८००० घनमीटरचा जलाशय ठेवला आहे, म्हणजे आपले आठशे टँकर. सगळी वीज गेली आणि कुणी काहीच केलं नाही तरी सात दिवस गाभा थंड राहावा, हे उद्दिष्ट. आणि हे कागदावर आखून शास्त्रज्ञ थांबले नाहीत. नैसर्गिक अभिसरणाचा जोर मुळातच कमी असतो. नळीत थोडी हवा अडकली, कमी दाबावर पाणी हेलकावे खाऊ लागलं, तरी तो मंदावतो. म्हणून ट्रॉम्बेत आणि तारापूरला मोठमोठ्या चाचणी यंत्रणा उभारून त्यांनी वर्षानुवर्षं हे पाणी फिरवून पाहिलं. २००८ मध्ये या आराखड्याच्या भौतिक अभ्यासासाठी एक छोटी भट्टी ट्रॉम्बेत सुरूही झाली. मूळ भट्टी मात्र अजून कुठेच उभी राहिलेली नाही, आणि याची खंत वाटते. आपल्या माणसांनी आपल्या प्रयोगशाळेत फुकुशिमाच्या आधीच जो प्रश्न धसास लावायला घेतला होता, त्याचं उत्तर बांधून पाहण्याची निकड देशाला वाटली नाही.

आराखड्यामागचा विचार दुसऱ्या वाटांनी पुढे गेला. गुजरातेत काकरापारला ७०० मेगावॉटची पहिली स्वदेशी भट्टी ३० जून २०२३ पासून व्यापारी तत्त्वावर चालते. वीज गेली तर तिच्या बाष्पजनित्रांची वाफ उंचावरच्या टाकीतल्या नळ्यांत निवून परत येते, पंपाविना. अमरावती-अकोल्याची पूर्णा चांगदेवला तापीला मिळते आणि हतनूर, उकाई करत तेच पाणी काकरापारला पोहोचतं. त्यामुळे हा विषय वऱ्हाडापासून वाटतो तितका दूर नाही. कुडनकुलमच्या रशियन भट्ट्यांत हेच काम पाण्याऐवजी वाहत्या हवेवर होतं. जैतापूरसाठी ठरलेली फ्रेंच ईपीआर मात्र मुख्यतः उलट्या वाटेने जाते. एकाच कामासाठी चार स्वतंत्र यंत्रणा, प्रत्येकीला वेगळी इमारत, एक गेली तर दुसरी. दोन्ही वाटा प्रामाणिक आहेत. फरक इतकाच की दुसऱ्या वाटेवर वीज कुठून तरी मिळत राहावी लागते.

पॅसिव्ह शीतनाची भारतातली खरी परीक्षा प्रयोगशाळेत झाली नाही. ती ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याला झाली. टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजनने पेट घेतला, आणि आगीत मुख्य व पर्यायी अशा दोन्ही वीजपुरवठ्यांच्या केबली जळाल्या, कारण त्या शेजारीशेजारीच टाकलेल्या होत्या. नियंत्रण कक्षात धूर भरला, तो सोडून बाहेर पडावं लागलं. केंद्र सुमारे सतरा तास पूर्ण अंधारात होतं. बाहेर पडण्यापूर्वी पाळीवरच्या माणसांनी भट्टी बंद केली होती. मग त्यांनी हातात टॉर्च घेऊन वर चढून व्हॉल्व्ह हाताने फिरवले आणि बोरॉनचं द्रावण गुरुत्वाकर्षणाने भट्टीत उतरवलं. आग विझवण्याचे डिझेल पंप लावून बाष्पजनित्रांत पाणी सोडलं. त्यामुळे गाभ्यातलं पाणी आपल्या आपण फिरत राहिलं आणि इंधन सुखरूप राहिलं. निसर्गनियमाने त्या रात्री साथ दिली खरी, पण व्हॉल्व्ह कुठे आहे, तो कुठल्या बाजूला फिरतो, हे अंधारातही ठाऊक असलेली माणसं तिथे होती म्हणून. त्या कर्मचाऱ्यांचा या देशाने जितका सन्मान करायला हवा होता तितका केलेला नाही.

आता फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीकडे पाहू. पॅसिव्ह यंत्रणा तिच्यातही होती हे फार थोड्यांना माहीत असतं. वाफ निववून परत आणणारे दोन कंडेन्सर इमारतीत वर बसवलेले होते. आपल्या तारापूरच्या, ऑक्टोबर १९६९ पासूनच्या, पहिल्या दोन भट्ट्याही त्याच जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या घडणीच्या, आणि त्यांच्यातही अशीच सोय आहे. भूकंपानंतर, २ वाजून ५२ मिनिटांनी, फुकुशिमाचे कंडेन्सर आपोआप सुरू झाले आणि उत्तम चालले. इतके की तापमान नियमात बसेल त्यापेक्षा वेगाने उतरू लागलं. तासाला ५५ अंशांपेक्षा जास्त उतरू द्यायचं नाही, असा नियम होता. म्हणून कर्मचाऱ्यांनी व्हॉल्व्ह बंद केले, मग लागेल तसा एक उघडायचा, परत लावायचा, असं चालू ठेवलं. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. लाट आली तेव्हा तो व्हॉल्व्ह नेमका लावलेला होता. तो फिरवायला वीज लागत होती, आणि वीज गेली होती. पॅनेलवरचे दिवे विझल्यामुळे व्हॉल्व्ह लावलेला आहे की उघडा, हेही दिसेना.

कंडेन्सर चालू असला की इमारतीच्या भिंतीतून बाहेर काढलेल्या दोन तोंडांतून वाफ निघते. त्या दोन भोकांना तिथले कामगार डुकराचं नाक म्हणत. संध्याकाळी काही जण बाहेर जाऊन त्याकडे बघून आले, तेव्हा थोडीशी वाफ दिसली. ती पुरेशी आहे का हे कुणी सांगावं? ही यंत्रणा प्रत्यक्ष चालवल्याचा अनुभव पाळीवरच्या एकालाही नव्हता, असं जपानच्या चौकशी समितीने नोंदवलं आहे. आपत्कालीन कक्षातले वरिष्ठ बराच वेळ कंडेन्सर चालू असल्याच्या समजुतीत राहिले. त्याच रात्री पहिल्या भट्टीचा गाभा वितळला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी इमारतीचा वरचा मजला हायड्रोजनच्या स्फोटात उडाला. टाकीतलं पाणी तोवर संपलेलं नव्हतं.

नरोरा आणि फुकुशिमा शेजारी ठेवले की पॅसिव्ह सुरक्षेबद्दल बोलताना काय निसटतं ते कळतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने अशा यंत्रणांच्या चार पायऱ्या केल्या आहेत. सगळ्यात वरच्या पायरीवर काहीच हलत नाही, ना पाणी ना भाग. सगळ्यात खालच्या पायरीवर काम निसर्गनियमाने होतं, पण सुरुवात करून देणारा एखादा व्हॉल्व्ह, एखादा संकेत, एखादी बॅटरी लागतेच. प्रत्यक्षातल्या कितीतरी यंत्रणा या खालच्या पायरीवर आहेत. म्हणून 'आपोआप चालेल' असं सांगितलं गेलं की सुरू कशाने होईल, हे विचारलंच पाहिजे. वीज गेली की व्हॉल्व्ह आपसूक उघडतो की आहे तसा अडकून बसतो? उघडा आहे हे विजेविना कसं कळतं? आणि शेवटचा कधी उघडून पाहिला, कुठल्या पाळीने? वर्षानुवर्षं न वापरलेली यंत्रणा कितीही साधी असली, तरी संकटाच्या रात्री तिथल्या माणसांना ती परकीच असते.

हे सगळं आजच लिहायचं कारण फक्त तारखेचं नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पाने २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज आणि २०३३ पर्यंत किमान पाच स्वदेशी छोट्या भट्ट्या असं लक्ष्य जाहीर केलं. गेल्या एप्रिलमध्ये महानिर्मितीने थोरियमवर चालणाऱ्या छोट्या भट्टीसाठी रशियाच्या रोसॅटमशी सामंजस्य करार केला. डिसेंबरात संसदेने नवा कायदा संमत करून खासगी कंपन्यांनाही दार उघडलं. आम्ही अणुविजेच्या विरोधात नाही. रात्रीच्या लाईनीवर, साप-विंचवाच्या भीतीत ओलीत करणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा खात्रीची वीज हवी आहे आणि ती कोळशाच्या धुराविना मिळाली तर हवीच आहे. पण नांदगावपेठच्या कोळशाच्या प्रकल्पाला अप्पर वर्धाचं पाणी देण्यावरून या जिल्ह्यात आंदोलनं झालेली आहेत. अणुभट्टीला संकटात लागणारं पाणी टाकीत मावतं, रोजच्या शीतनाचं मावत नाही. ते कुणाच्या वाट्याचं, हे आधी ठरवावं लागेल.

भट्टी कुठेही होवो, कोकणात, विदर्भात वा राज्याच्या सीमेपलीकडे, तिच्या पॅसिव्ह यंत्रणेची पूर्ण वीज तोडून चाचणी ठरल्या मुदतीत व्हावी आणि तिचा निकाल नियामक मंडळाने लोकांपुढे ठेवावा. व्हॉल्व्ह हाताने उघडण्याचा सराव प्रत्येक पाळीने करावा, अंधारात, घड्याळ लावून. कंपनी खासगी असेल तर हे व्यापारी गुपित म्हणून झाकता येऊ नये. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावाच लागतो आणि जनसुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी. तरीही जैतापूरच्या २०१० च्या जनसुनावणीत मराठी अहवाल वेळेवर हाती पडला नाही, अशी गावकऱ्यांची तक्रार होती. पुढच्या वेळी त्या मराठी अहवालात एक प्रकरण वाढवा: पाणी किती, किती उंचीवर, किती तासांचं, व्हॉल्व्ह कशाने उघडतो आणि शेवटची चाचणी कधी झाली. आणि तो महिनाभर आधी तहसील कचेरीत व ग्रामपंचायतीत वाचायला ठेवा.